आपल्या माणसांना आपले शहर दाखवताना

चि. विद्यार्थिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे पाच दिवसांचे वेळापत्रक मिळाले. ज्या शहरात तू शिकलीस, पहिली नोकरी केलीस आणि ज्याच्या गोष्टी घरच्यांना सांगताना तू कधी थकली नाहीस, त्या शहरात आता आई-बाबा, धाकटा भाऊ आणि बहिणीची सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन जायचे ठरले, हे वाचून फार बरे वाटले. वेळापत्रकावर तू माझे मत मागितले आहेस, तर ते स्पष्टच देतो. यात दर दिवशी सात-आठ ठिकाणे आहेत, प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली आहे, आणि वस्ती मात्र एकही नाही. शहराच्या एका टोकाच्या प्रेक्षणीय जागेवरून दुसऱ्या टोकाच्या जागेकडे भुयारी रेल्वेने जायचे आणि मधले सगळे शहर जमिनीखालून ओलांडायचे, असा हा बेत आहे. शहर अनोळखी असते आणि ही पहिलीच फेरी असती, तर मी त्याला हरकत घेतली नसती. पण जी व्यक्ती तेथे राहिली आहे, तिनेही पाहुण्यासारखेच शहर दाखवले, तर सोबतच्यांना कोणतीही प्रवासी कंपनी दाखवील तेवढेच दिसते आणि तुझे राहणे त्यांच्या काहीच कामी येत नाही.

तरीही तुझ्या राहण्याची मर्यादा आधी ओळखून घे. ते शहर तुला जितके ठाऊक आहे असे वाटते, तितके ते ठाऊक नाही. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी पॉल-आंरी शोंबार द लोव या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पॅरिसच्या सोळाव्या विभागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचे वर्षभराचे सगळे जाणे-येणे नकाशावर रेषांनी दाखवले. एवढ्या अवाढव्य नगरात तिच्या बहुतेक रेषा एका लहानशा त्रिकोणात दाटल्या होत्या : राहते घर, महाविद्यालय आणि पियानोच्या शिकवणीची जागा. बाकीचे पॅरिस तिच्यापुरते जवळजवळ कोरेच होते. तुझा नकाशा कोणी काढला असता, तर वसतिगृह, ग्रंथालय, नोकरीची जागा आणि मैत्रिणीचे घर या चार बिंदूंच्या पलीकडे त्यात फार काही सापडले असते असे मला वाटत नाही. यात कमीपणा कसलाच नाही, कारण शहरात राहणारा प्रत्येक माणूस असाच जगतो आणि म्हणूनच प्रत्येकाचे शहर वेगळे असते. पण ‘मला सगळे माहीत आहे’ या समजुतीवर आधारलेला बेत मात्र फसतो.

तेव्हा निघण्यापूर्वी एक काम कर. कोऱ्या कागदावर, कोणताही नकाशा न पाहता, ते शहर आठवणीतून काढून बघ. केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांना असेच नकाशे काढायला लावले होते आणि १९६० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाच्या मनातले शहर पाच गोष्टींचे बनते असे दाखवले होते : रोजच्या वाटा, नदी किंवा रेल्वेमार्गासारख्या कडा, स्वतःचा चेहरा असलेले भाग, जेथे वाटा एकत्र येतात ते चौक, आणि दुरून ओळखू येणाऱ्या खुणा. तुझ्या कागदावर वाटा आणि खुणा भरपूर उमटतील, भाग थोडेच उमटतील, आणि त्यांच्या मधे पांढऱ्या मोकळ्या जागा राहतील. त्या मोकळ्या जागांकडे नीट पाहा, कारण या वेळच्या प्रवासाचा निम्मा भाग तेथेच घालवावा असे मी सुचवणार आहे. उरलेला निम्मा तुझ्या जुन्या चार बिंदूंच्या परिसरात जाऊ दे. प्रसिद्ध वास्तूंपैकी एखाद-दुसरी वाटेत आली तर जरूर पाहावी, पण त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नये.

दिवसाची मोजणी ठिकाणांनी करण्याऐवजी वस्त्यांनी करावी. सकाळी एक वस्ती, मधे दीर्घ विसावा, आणि संध्याकाळी जमल्यास तिला लागून असलेली दुसरी. लागून असलेली, हे मी मुद्दाम म्हणतो आहे. वस्तीचा स्वभाव तिच्या सीमेवर सर्वांत स्पष्ट कळतो, आणि सीमा पायी ओलांडल्याशिवाय ती कळत नाही. लिस्बनमध्ये १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपानंतर सखल भागातला बायशा हा परिसर जवळजवळ नव्याने, सरळ आखीव रस्त्यांनी बांधला गेला. त्याच्या शेजारच्या टेकडीवरील आल्फामा मात्र बऱ्याच अंशी वाचला आणि त्याच्या वळणावळणाच्या गल्ल्या व पायऱ्या तशाच राहिल्या. एकातून दुसऱ्यात चालत गेले की भूकंप कोठे काय करून गेला, हे कोणी न सांगताही पायांना समजते. बार्सेलोनात इल्देफोन्स सेर्दाच्या १८५९च्या आराखड्यातून उभे राहिलेले चौकोनी ठोकळे, त्यांचे तिरके कापलेले कोपरे आणि वीस मीटर रुंदीचे रस्ते संपतात व ग्रासियाच्या अरुंद गल्ल्या आणि छोटे चौक सुरू होतात, कारण ग्रासिया १८९७पर्यंत स्वतंत्र गाव होते. न्यूयॉर्कमध्ये १८११च्या आराखड्याने मॅनहॅटनवर सरळ रस्त्यांची जाळी टाकली, पण ग्रेनिच व्हिलेजच्या गल्ल्या त्याआधीच पडलेल्या होत्या, म्हणून त्या आजही बाकीच्या शहराशी फटकून तिरक्या जातात. तुझ्या शहरातही अशी एखादी जोडी असणारच, कारण बहुतेक मोठी शहरे जवळची गावे पोटात घेत वाढलेली असतात. पॅरिसने १८६० साली भोवतालच्या वस्त्या सामावून घेतल्या, तेव्हा तेथील विभागांची संख्या बारावरून वीस झाली आणि मोंमार्त्र, बेलव्हिल ही गावे शहराचा भाग बनली. जेथे रस्त्यांची दिशा अचानक बदलते, जेथे एखादा जुना रस्ता नव्या रस्त्यांना तिरका छेदून जातो, तेथे नकाशावर बोट ठेव. बहुधा ती जुनी वेस असते.

कोणती वस्ती निवडावी, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘पाहण्यासारखे काय आहे’ या कसोटीवर वस्ती निवडू नये. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांनी १९६१ साली जिवंत वस्तीसाठी चार अटी मांडल्या : तेथे निरनिराळ्या कारणांनी निरनिराळ्या वेळी माणसे रस्त्यावर यावीत, दोन वळणांमधले अंतर कमी असावे, जुन्या आणि नव्या इमारती मिसळलेल्या असाव्यात, आणि राहणाऱ्यांची दाटी पुरेशी असावी. या अटी नगररचनेसाठी होत्या, पण चालायला जाणाऱ्यालाही त्या उत्तम उपयोगी पडतात. दोन वळणांमधले अंतर कमी असले, की पाच माणसांपैकी कोणालाही ‘इकडे वळूया का?’ असे म्हणण्याची संधी वारंवार मिळते. यान गेल या डॅनिश वास्तुरचनाकारांचा निकष याहूनही सोपा आहे : रस्त्याच्या शंभर मीटरमध्ये दारे किती उघडतात ते मोजावे, पंधरा-वीस असली तर पायी जाणाऱ्याचे मन रमते, आणि दोनच असली तर तोच रस्ता लांबलचक आणि कंटाळवाणा वाटतो. हे मोजायचे काम भाचीला दे. सहा वर्षांच्या मुलांना मोजणे आवडते, आणि जमिनीपासून साधारण सव्वा मीटरच्या खालून पाहणाऱ्या तिच्या डोळ्यांना दारांच्या कड्या, पायऱ्यांखालच्या खिडक्या, भिंतीच्या तळाशी कोरलेली वर्षे हे सगळे तुमच्या आधी दिसणार आहे.

आता तुझ्या वाटाडेपणाविषयी. तुझ्या पत्रात ‘मी त्यांना दाखवीन’, ‘मी त्यांना नेईन’, ‘मी त्यांना सांगेन’ असे इतक्या वेळा आले आहे, की मला त्या चौघांची थोडी काळजी वाटली. जो पुढे चालतो त्याला वाट समजते. मागून येणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी यामागचे यंत्र बरेच उलगडले आहे. जॉन ओ’कीफ यांना १९७१च्या सुमारास उंदरांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या, ज्या प्राणी एका ठराविक जागी आला की कार्यरत होतात. पुढे माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी शेजारच्या भागात अंतराचे मोजमाप राखणाऱ्या पेशी शोधल्या, आणि २०१४चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेरिंग क्रॉसपासून सुमारे दहा किलोमीटरच्या आतील पंचवीस हजारांच्या आसपास रस्ते पाठ केल्याशिवाय त्यांना परवाना मिळत नाही, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे दिसले. मला यातून घ्यायचे आहे ते एवढेच, की जागा मनात बसायला माणसाला स्वतः निर्णय घ्यावे लागतात : येथून डावीकडे की उजवीकडे, मघाचा चौक कोणत्या बाजूला राहिला, परत जायचे तर कसे. हे निर्णय तू सगळ्यांच्या वतीने घेत राहिलीस, तर पाच दिवसांनी शहर पुन्हा फक्त तुलाच ठाऊक असेल, आणि त्यांच्याजवळ छायाचित्रांखेरीज काही उरणार नाही.

म्हणून दररोज एका वस्तीचे पुढारपण दुसऱ्या कोणाला तरी सोपव. भाऊ तरुण आहे, त्याला तुझ्या कागदावरची सर्वांत मोठी मोकळी जागा दे आणि फोनवरचा नकाशा फक्त शेवटी, परतीसाठी उघडायचा असे ठरव. तो चुकेल, आणि चुकलेला पाहून तुझ्या जिभेवर ‘अरे, तिकडे नाही’ येईल. ते गिळून टाक. दिवसाउजेडी, वर्दळीच्या भागात, दोन गल्ल्या चुकल्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि नंतर घरी ज्यावर चर्चा होते ती नेमकी तीच गल्ली असते. बाबांच्या बाबतीत मी वेगळे सुचवीन. त्यांना नकाशा कागदावर छापून दे. त्यांच्या पिढीच्या माणसाला फोनच्या पडद्यावर बोटांनी लहान-मोठा होणारा नकाशा अस्वस्थ करतो; कागद हातात असला की ते स्वतःहून रस्त्यांची नावे वाचू लागतील, दिशा ठरवतील आणि चौकात उभ्या असलेल्या एखाद्या समवयस्क गृहस्थाला खुणांनी का होईना, वाट विचारतील. आईला पुढारपण नको असेल, आणि ते तिच्यावर लादूही नये. पण ‘आता कोठे बसूया’ हे ठरवण्याचा अधिकार पूर्ण तिचा असावा. पाच जणांच्या फिरण्यात हा अधिकार लहान नव्हे.

बसण्याचा विषय निघालाच आहे, तर वेगाचेही बोलून घेऊ. तुझे वेळापत्रक तुझ्या एकटीच्या पायांनी केलेले आहे. रस्ता ओलांडण्याचे दिवे अनेक देशांत माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर, म्हणजे ताशी ४.३ किलोमीटर चालतो असे धरून लावलेले असतात, आणि पासष्टीच्या पुढील पुष्कळ माणसे सहजपणे त्याहून सावकाश चालतात. आईच्या गुडघ्यांचे तू लिहिलेच आहेस. म्हणून नकाशावर जे अंतर वीस मिनिटांचे दाखवले असेल, ते तुमच्यासाठी पस्तीस-चाळीस मिनिटांचे समज, आणि त्यात मुलीने मांजराशी घालवलेला वेळ धरलेला नाही. चढाच्या शहरात वर वाहनाने जावे आणि उतरताना चालावे, हा साधारण नियम. पण दुखऱ्या गुडघ्यांना उतरणे चढण्याहून अधिक जाचते, तेव्हा उतार मंद असेल आणि मधे बाक असतील अशीच वाट निवड. स्वच्छतागृहे कोठे आहेत हे आदल्या रात्री पाहून ठेवणे हे तुझे काम. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि त्याअभावी उत्तम दुपारी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

या सावकाशपणाला तू अडचण मानतेस, असे तुझ्या एका वाक्यावरून वाटले. मला तो या प्रवासाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. तू त्या शहरात कायम घाईत होतीस. व्याख्यानाला उशीर, कामाला उशीर, शेवटच्या गाडीला उशीर. ज्या भिंतीजवळून तू शेकडो वेळा गेलीस, तिच्यावरची पाटी तू कधी वाचली नाहीस, कारण थांबायला कारण नव्हते. आता आई दम घेण्यासाठी थांबेल आणि तुला ती पाटी वाचावी लागेल. माझ्या मते वस्ती पाहण्याची याहून चांगली रीत नाही. आणि ज्या दिवशी पाय अगदीच थकतील, त्या दिवशी बसूनच शहर पाहावे. तोक्योची यामानोते ही वर्तुळाकार रेल्वे ३४.५ किलोमीटरच्या फेरीत तीस स्थानकांवर थांबत साधारण तासाभरात मूळ जागी येते. अशी फेरी, किंवा लांब पल्ल्याची साधी बस, खिडकीशी बसून आरंभापासून अंतापर्यंत केली, तर एक वस्ती संपून दुसरी कशी लागते हे न चालताही दिसते. बसमध्ये पुढची जागा मुलीला.

तुझ्या जुन्या परिसराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथे तुझी खरी कसोटी लागेल. तेथे गेल्यावर पुष्कळ गोष्टी जागेवर नसतील. पुस्तकांचे जुने दुकान बंद झालेले असेल, वसतिगृहाच्या इमारतीला नवा रंग आणि नवा मालक लाभला असेल, शेजारी राहणारी कुटुंबे भाडे न परवडल्याने दूर गेली असतील. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञाने १९६४ साली लंडनमधील कष्टकऱ्यांच्या वस्त्या सुखवस्तू लोकांच्या हाती कशा जात आहेत याचे वर्णन केले, त्यानंतर जगभरच्या शहरांत हेच थोड्याफार फरकाने होत आले आहे. तुझ्या शहराला त्यातून सूट असण्याचे कारण नाही. आणि खरे सांगायचे तर, बाहेरून आलेली, शिकलेली, भाडे देऊ शकणारी तुझ्यासारखी तरुण माणसे हीही त्या बदलाचाच एक भाग असतात.

शहर आठवणीबरहुकूम सापडणे हे फार क्वचित घडते, आणि घडते तेव्हा त्यामागे बहुधा मोठी हानी असते. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा शहराचा जुना भाग जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाला होता. नंतर पोलंडच्या लोकांनी तो पुन्हा उभा केला, आणि त्यासाठी जुन्या मोजमापांच्या कागदांबरोबरच अठराव्या शतकातील बेर्नार्दो बेल्लोत्तो या चित्रकाराने काढलेल्या शहराच्या चित्रांचाही आधार घेतला. १९८० साली युनेस्कोने त्या भागाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले ते या पुनर्बांधणीच्या कामासाठी. बाकीची शहरे, सुदैवाने, आपल्या आठवणी सांभाळण्यासाठी थांबून राहत नाहीत.

तेव्हा जुन्या भागात फिरताना ‘येथे पूर्वी अमुक होते’ हे वाक्य दिवसातून दोनदाच म्हणायचे, असे स्वतःला बजाव. सोबतच्यांनी ते ‘पूर्वी’ पाहिलेले नाही. त्यांच्यासमोर जे आहे ते ताजे, पूर्ण आणि कदाचित सुंदरही आहे, आणि तुझ्या हळहळीमुळे त्यांना ते दुय्यम वाटू लागते. सांगायचेच असेल, तर वास्तूंपेक्षा तुझ्या दिवसांविषयी सांग : या बाकावर बसून परीक्षेच्या निकालाची वाट पाहिली, या खिडकीतून पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला, या कोपऱ्यावरच्या फोनवरून घरी खोटे सांगितले की तब्येत उत्तम आहे. अशा गोष्टींना दुकान शिल्लक असावे लागत नाही. आई-बाबांना त्या काळातली तू हवी आहेस. ज्या वर्षांत ते तुझ्याजवळ नव्हते, त्या वर्षांतले तुझे चालणे-बसणे कसे होते हे पाहायला ते येत आहेत, शहर हे त्यांच्यासाठी बऱ्याच अंशी निमित्त आहे. हे तू त्यांना विचारलेस तर ते नाही म्हणतील, म्हणून विचारू नकोस.

मात्र एक जागा अशी असेल, जिच्याविषयी तुला कोणालाच काही सांगायचे नाही. तेथे पहाटे, सगळे झोपेत असताना, एकटीने जाऊन ये आणि न्याहारीच्या वेळेला परत हो. त्यांच्यापासून काही लपवले असे मनात आणू नये. प्रिय माणसांसोबतचे फिरणे सुखाचे होण्यासाठी प्रत्येकाला थोडा एकांत लागतोच. तुला जसा लागतो तसा बाबांनाही लागतो आणि भावाला तर नक्कीच लागतो. पाच दिवस पाच जणांनी सतत एकत्र राहिले पाहिजे, हा आग्रह मी अनेक कुटुंबांच्या प्रवासात पाहिला आहे, आणि तिसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून होणारे भांडण बहुतेक वेळा त्यातूनच येते. तिसरी दुपार मोकळी सोड. एक सहज ओळखता येईल असा चौक ठरवावा, संध्याकाळची वेळ ठरवावी, आणि ज्याला जिकडे जायचे त्याने तिकडे जावे. मुलगी कोणासोबत राहील एवढेच आधी स्पष्ट करावे. रात्री जेवताना प्रत्येकाने आपापली दुपार सांगितली, की एका वस्तीची चार वर्णने तुझ्या कानी पडतील आणि त्यांतले एखादे तरी तुला पूर्ण नवे असेल.

वस्त्यांमधून फिरताना पाळायचा एक संकोच आहे, त्याविषयी थोडक्यात. प्रसिद्ध वास्तूभोवतीची गर्दी वास्तूला सहन होते. राहत्या गल्लीत माणसे राहतात. सोलमधील बुकचोन या पारंपरिक घरांच्या भागात २०२४च्या नोव्हेंबरपासून ठराविक गल्ल्यांत संध्याकाळी पाच ते सकाळी दहा या वेळेत पर्यटकांना मनाई सुरू झाली. क्योतोच्या गियोन भागात त्याच वर्षी खासगी गल्ल्या पर्यटकांसाठी बंद झाल्या. आणि बार्सेलोनाने आपल्याकडील सुमारे दहा हजार पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८च्या नोव्हेंबरनंतर चालू न ठेवण्याचे जाहीर केले आहे. रहिवाशांची सहनशक्ती किती ताणली गेली असेल, हे यावरून लक्षात येईल. पाच जणांनी फूटपाथ अडवून उभे राहू नये, उघड्या दारातून आत डोकावून छायाचित्र घेऊ नये, वाळत घातलेल्या कपड्यांना ‘नयनरम्य’ म्हणू नये. स्थानिक माणसाकडून वस्ती समजून घ्यायची असेल, तर रहिवासी स्वतः घडवणारी पदभ्रमंती तुमच्या तारखांना आहे का, हे पाहावे. जेन जेकब्ज यांच्या निधनानंतर २००७ साली टोरांटोत त्यांच्या स्मरणार्थ अशा विनामूल्य भ्रमंतीची प्रथा सुरू झाली आणि आता मे महिन्याच्या आरंभी अनेक देशांतील शहरांत ती पाळली जाते. तुमचा प्रवास त्याच सुमाराचा आहे.

वेळापत्रकातील आणखी एक गोष्ट मला खटकली, ती म्हणजे प्रत्येक दिवसाचा शेवट. रात्री साडेनऊला शेवटचे ठिकाण आणि नंतर तासाभराचा परतीचा प्रवास, तोही गर्दीतून. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला : लोकांनी एकदा थंडगार पाण्यात एक मिनिट हात बुडवला, आणि दुसऱ्यांदा तेवढेच मिनिट व वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी अगदी थोडे कमी गार केले होते. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे अधिक लांबलेला, निवडला, कारण त्याचा शेवट कमी त्रासाचा होता. मनात अनुभवाचा कळस आणि शेवट राहतो, त्याची लांबी फारशी राहत नाही. तेव्हा दिवस चार तासांनी लहान झाला तरी चालेल, पण संध्याकाळी सगळे दमण्याआधी, मुक्कामाजवळच्या एखाद्या उघड्या जागी बसून तो संपू दे. शेवटचे ठिकाण खोडून टाक, पाचही दिवसांचे.

राहता राहिला मुक्कामाचा प्रश्न. मुख्य स्थानकासमोरचे हॉटेल घ्यावे की तुझ्या जुन्या परिसरातले, असे तू विचारतेस, आणि तुझा कल दुसऱ्याकडे आहे हे दिसतेच. दोन्ही सोड, असे मी म्हणेन. स्थानकासमोर कोणत्याही शहरात वस्ती नसते, फक्त ये-जा असते. जुन्या परिसरात उतरलीस, तर पहिल्याच सकाळी तू घरमालकीण आणि बाकीचे चौघे पाहुणे, अशी वाटणी होईल आणि ती पाच दिवस टिकेल. तुझ्या कागदावर जी जागा कोरी राहील, तिच्यातलीच एखादी राहती वस्ती मुक्कामासाठी निवड. परवाना असलेले छोटे हॉटेल असावे, उद्वाहक चालू असल्याची खात्री फोन करून घ्यावी, आणि तेथून जुन्या परिसराकडे एकाच गाडीने, मधे न बदलता जाता यावे. मग सकाळी दूध कोठे मिळते, बसथांबा कोणत्या बाजूला आहे, हे तुलाही शोधावे लागेल, आणि बहुधा ते तुझ्याआधी बाबांना सापडेल. मे महिन्यात अशा ठिकाणी खोल्या लवकर भरतात, तेव्हा कागदावरचा नकाशा आजच काढ आणि आरक्षण याच आठवड्यात कर.

आई-बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा शुभचिंतक